निर्धूर चूल आणि धुराड्याचे सांधे

चुलीला धुराडें बसवूनही स्वयंपाकघरांत धूर होतो, ही तक्रार आमच्या शेतकरी बंधूंकडून वारंवार ऐकूं येते. तक्रार करणारा सहसा दोष चुलीला देतो, ती बांधणाऱ्या गवंड्याला देतो, क्वचित् लांकडाला देतो. आणि वर्ष-दोन वर्षें त्रास सोसल्यावर धुराड्याचें भोंक बोळ्यानें बुजवून पुन्हां जुन्या उघड्या चुलीकडे वळतो. आम्हीं अशा ज्या चुली पाहिल्या त्यांपैकीं पुष्कळ ठिकाणीं दोष यांपैकीं कशांतच नव्हता. तो धुराड्याच्या सांध्यांत होता. सांध्यांतून धूर बाहेर येतांना घरांतील कोणींही पाहिलेला नव्हता, आणि म्हणूनच सांध्याचा संशय कोणास आला नव्हता. धूर बाहेर न येणारा सांधाच चूल कशी बिघडवितो, तो ओळखावा कसा व भरावा कसा, एवढाच विषय या लेखांत घेण्याचें आम्हीं योजिलें आहे.

घरोघर गॅस आला असतां आतां चुलीच्या धुराड्याचा खल कशाला, असें कोणी म्हणेल. २०१६ च्या मे महिन्यांत सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेनें गॅसची टाकी खेड्यांतील फार मोठ्या संख्येच्या घरांत पोंचविली, हें खरें. परंतु भाकरी भाजणें, आंघोळीचें पाणी तापविणें, जनावरांचें आंबोण शिजविणें हीं कामें अनेक घरांत अद्यापि चुलीवरच होतात. कारण पऱ्हाट्या, तुराट्या, बाभळीचें जळण व गोवऱ्या घरच्या असतात, आणि टाकीला रोख दाम मोजावा लागतो. लांकूड, शेण, कोळसा इत्यादि जळणाच्या घरांतील धुरामुळें २०२० सालीं जगांत सुमारें ३२ लक्ष माणसें दगावलीं, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. या धुराचा मोठा वांटा ज्यांच्या छातींत जातो त्या आपल्याच घरच्या बायका व त्यांच्या कडेवरचीं मुलें होत. तेव्हां जोंवर चूल पेटते आहे, तोंवर तिचें धुराडें नीट असणें हें काम गोठ्याच्या छपराइतकेंच गरजेचें आहे.

धुराड्याची चूल ही आपल्याकडे नवी वस्तु नव्हे. वर्ध्याच्या मगनवाडींत १९४७ च्या सुमारास मगन चूल तयार झाली. हैदराबादेस राजू यांनीं आपल्या निर्धूर चुलीची माहिती देणारें पुस्तक १९५३ सालीं काढलें. आणि १९८३ सालच्या अखेरीस केंद्र सरकारनें सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हातीं घेतला, तो २००२ पर्यंत चालला. या कार्यक्रमांत देशभर तीन कोटींहून अधिक चुली बसविल्या गेल्या. त्यांतील पुष्कळ थोड्याच वर्षांत बंद पडल्या. कारणें अनेक होतीं, व त्यांची चर्चा पुष्कळ झालीही आहे. परंतु चूल बांधून देणारा मनुष्य निघून गेल्यावर सांधा फुटला तर तो कोणीं व कशानें भरावयाचा, हें फारच थोड्या घरांत ठाऊक होतें, असें आमचें निरीक्षण आहे.

धुराडें धूर ओढतें तें कोणत्याही यंत्राच्या बळावर नव्हे. तापलेली हवा थंड हवेहून हलकी असते, एवढाच त्यांतील सारा व्यापार. बाहेरच्या हवेचें तापमान ३० अंश सेंटिग्रेड व धुराड्यांतील धुराचें १५० अंश धरलें, तर एक घनमीटर बाहेरची हवा सुमारें १ किलो १६५ ग्रॅम भरते व तेवढाच तापलेला धूर सुमारें ८३५ ग्रॅम भरतो. तीन मीटर उंचीच्या धुराड्यांत या फरकानें जी ओढ उत्पन्न होते ती अवघ्या एक मिलिमीटर जाडीच्या पाण्याच्या थराच्या दाबाएवढी असते. ताटांत पाणी सांडलें तर त्याचा जेवढा भार, तेवढ्याच बळावर साऱ्या चुलीचा धूर आढ्यापार न्यावयाचा आहे. इतकें नाजूक बळ थोड्याशा गळतीनें मोडतें, यांत नवल नाहीं.

गळती म्हटली म्हणजे आंतील वस्तु बाहेर येणें, असें आपण समजतों. येथें उलट घडतें. धुराडें ओढीत असतांना नळाच्या आंतील दाब बाहेरच्या हवेहून किंचित् कमी असतो. त्यामुळें फट कोठेंही असो, तींतून बाहेरची थंड हवा आंत शिरते, धूर बाहेर येत नाहीं. विहिरीवर पंप चालविणाऱ्या शेतकऱ्यास हें उदाहरणानें चटकन् पटेल. सक्शन पाइपाचा सांधा हवा घेऊं लागला म्हणजे पंप पाणी उचलीत नाहीं, पण त्या सांध्यांतून पाण्याचा एक थेंबही गळतांना दिसत नाहीं. जाणता मनुष्य अशा वेळीं पंप खोलीत बसत नाहीं. तो आधीं सांधा पाहतो. तडा गेलेली चिलीम कितीही ओढली तरी तोंडांत धूर येत नाहीं, तोही प्रकार हाच. धुराड्याचा सांधा वर हवा घेतो आणि त्याची शिक्षा खालीं चुलीच्या तोंडाशीं बसलेल्या बाईस होते.

ही शिक्षा केवढी, त्याचा हिशेब करून पाहूं. सांध्यांतून शिरलेली हवा वजनानें धुराइतकीच झाली, तर नळांतील मिश्रणाचें तापमान १५० अंशांवरून सुमारें ९० अंशांवर उतरतें. ओढ पूर्वीच्या निम्म्याहून थोडीच अधिक उरते. इकडे त्याच नळांतून आतां दुप्पट वजनाचा वायु जावयाचा, म्हणून नळाच्या अंगाचा अडथळा तिपटीहून अधिक वाढतो. बैल अशक्त झाला आणि गाडींत पोतीं वाढलीं, अशी ही अवस्था. इतकी हवा शिरावयास फट मोठी लागत असेल असें वाटेल, पण तसें नाहीं. तीन इंची नळाचा परीघ सुमारें २३६ मिलिमीटर असतो. सांध्याभोंवतीं सर्व बाजूंनीं तीन मिलिमीटर फट राहिली, म्हणजे गव्हाच्या दाण्याच्या जाडीएवढी, तर तिचें क्षेत्रफळ सुमारें ७ चौरस सेंटिमीटर होतें, व खुद्द नळाचें ४४. एक सांधा म्हणजे नळाचा सहावा हिस्सा झाला. असे तीन सांधे फुटले तर अर्धा नळ बाजूंनींच उघडा पडला. शिवाय थंड झालेल्या धुरांतील वाफ व डांबरासारखा चिकट अंश नळाच्या भिंतीवर बसतो, त्यावर काजळी धरते, नळ अरुंद होतो, आणि ओढ आणखी कमी होते. ओल्या जळणानें हें फार लवकर घडतें. वाळलेली काजळी एखादे वेळीं नळांतच पेट घेते. पाचटाच्या किंवा गवताच्या छपराखालीं असें झालें तर काय होईल तें सांगावयास नको.

आतां परीक्षेची रीत. चूल चांगली पेटून धुराडें तापलें म्हणजे पेटती उदबत्ती प्रत्येक सांध्याभोंवतीं बोटभर अंतरावरून सावकाश फिरवावी. दारें-खिडक्या त्या वेळीं लावून घ्याव्या, नाहीं तर वाऱ्यानें भ्रम होतो. उदबत्तीचा धूर सरळ वर गेला तर सांधा बंद आहे. तो वांकून सांध्याकडे ओढला गेला तर तेथें फट आहे, मग ती डोळ्यांस दिसो वा न दिसो. दुसरी परीक्षा याच्या उलट व अधिक कडक आहे. धुराड्याच्या टोपीवर ओलें गोणपाट बांधून चुलींत मूठभर दमट भुसा पेटवावा, वैलावर व चुलीवर भांडीं ठेवून चुलीचें तोंड पत्र्यानें झांकावें. आंत कोंडलेला धूर मग जेथें वाट मिळेल तेथून बाहेर पडतो, आणि प्रत्येक दोष आपण होऊन दिसतो. ही परीक्षा घरांत कोणी नसतांना, दारें सताड उघडीं ठेवून, दोन-चार मिनिटांतच उरकावी. आणि गोणपाट काढावयास विसरूं नये. जुन्या धुराड्यावर काजळीचे ओघळही साक्ष देतात, पण त्यांचा अर्थ नीट लावावा लागतो. वरच्या सांध्याशींच काळे डाग असतील तर बहुधा टोपी किंवा नळाचें तोंड काजळीनें अथवा पांखरांच्या घरट्यानें बुजलेलें असतें, त्यामुळें वरच्या भागांत दाब उलटा होऊन धूर तेथून सुटतो. तेथें नुसता सांधा भरून काम भागत नाहीं.

सांधा भरण्यापूर्वीं नळ योग्य दिशेनें लावलेले आहेत कीं नाहींत, हें पाहिलें पाहिजे, आणि येथें आमचा व बऱ्याच गवंड्यांचा मतभेद आहे. नळाचें एक तोंड रुंद असतें, त्यास मादी म्हणतात. दुसरें साधें, तें नर. गवंडी पुष्कळदां मादी खालीं करून नळ लावतो व म्हणतो कीं, धूर खालून वर जातो, तेव्हां खालचा नळ वरच्याच्या पोटांत शिरलेला बरा, म्हणजे धुरास वाटेंत कड लागत नाहीं. हा तर्क ऐकावयास गोड आहे. परंतु धूर, आपण वर पाहिलें त्याप्रमाणें, सांध्यांतून बाहेर जातच नाहीं. जें बाहेर जाऊं पाहतें तें पाणी. धुरांतील वाफेचें पाणी, काळा चिकट रस, टोपीखालून उडालेला पाऊस, हें सर्व नळाच्या आंतल्या अंगानें खालीं उतरतें. मादी खालीं असेल तर हा ओघ बरोबर सांध्याच्या फटींत शिरतो, तिथली माती भिजवितो आणि भिंतीवर तपकिरी ओघळ काढतो. मादी वर असेल तर वरच्या नळाचें टोक खालच्याच्या पोटांत राहतें व ओघ आंतल्या आंत चुलीकडे जाऊन तेथें उष्णतेनें सुकतो. कौलें लावतांना वरचें कौल खालच्याच्या बाहेरून येतें, कारण तेथें पाणी बाहेरून वाहतें; धुराड्यांत तें आंतून वाहतें, म्हणून रीत उलटी.

हा नियम आमच्या पदरचा नव्हे. इंग्लंड-अमेरिकेंत थंडीमुळें पुष्कळ जुन्या घरांत भिंतींत बांधलेलें उघडें अग्निकुंड असतें. हल्लीं त्यांत कांचेच्या दाराची लोखंडी बंद शेगडी बसवितात आणि विटांच्या जुन्या धुराड्यांत मातीच्या नळांचें किंवा गंजरहित पोलादी नळीचें अस्तर घालतात. तेथें लांकूड तासन् तास मंद जळतें, बाहेर हिंवाळा कडक असतो, त्यामुळें नळांत चिकट रस आपल्यापेक्षां कितीतरी अधिक जमतो व धुराड्याला आग लागण्याचे प्रकारही होतात. म्हणून इंग्लंडच्या इमारत-नियमांत अस्तराचे नळ रुंद तोंड वर करूनच बसवावे, म्हणजे ओलावा नळाच्या आंतच राहील, असें स्पष्ट सांगितलें आहे. आपली चूल साधी असली तरी पाणी उतरण्याचा धर्म तोच आहे.

सांधा कशानें भरावा, हा पुढचा प्रश्न. सध्यां ज्याला-त्याला सिमेंट भरण्याची खोड लागली आहे. सिमेंट जेथें शोभतें तेथें तें अवश्य वापरावें, पण चुलीलगतचा पहिला सांधा ही त्याची जागा नव्हे. या सांध्याशीं धूर सर्वांत तापलेला असतो. सिमेंट सुमारें ४०० अंशांपुढें तापलें म्हणजे त्यांतील चुन्याचें बंधन मोडतें; पुढें त्यास दमट हवा लागली कीं तो चुना फुगतो आणि सांधा भुसभुशीत होतो. त्याहून कमी उष्णतेंतही रोजच्या तापण्या-निवण्यानें त्यास केसासारखे तडे जातात, कारण तें ताठ असतें आणि नळ तर हालत असतो. नळ हालतो हें पुष्कळांस पटत नाहीं. तीन मीटर लांबीचा लोखंडी पत्र्याचा नळ १२० अंशांनीं तापला तर तो चार मिलिमीटरांहून अधिक वाढतो, आणि चूल निवली कीं तितकाच आंखडतो. भाजलेल्या मातीचा नळ याच्या सुमारें निम्मा हालतो. दिवसांतून दोन वेळां असें होणार, तेव्हां दोन्ही टोकांस सिमेंटनें आंवळून धरलेला नळ कोठें तरी फुटणारच. बहुधा तो सांध्याशींच फुटतो. यासाठीं नळ एकाच जागीं, खालीं, पक्का धरावा आणि छपराशीं त्यास वरखालीं सरकण्यापुरती मोकळीक ठेवावी.

पहिल्या व दुसऱ्या सांध्यास मातीच उत्तम, पण माती कोणती, यावर सर्व अवलंबून आहे. काळी माती मुळींच घेऊं नये. उन्हाळ्यांत शेताला ज्या भेगा पडतात त्याच सांध्यालाही पडतील. गांवठाणाची पांढरी, वारुळाची, किंवा कुंभार वापरतो ती माती घ्यावी. दोन भाग चाळलेली माती, एक भाग बारीक वाळू, अर्धा भाग फुटक्या मडक्यांची किंवा पक्क्या विटेची कुटलेली पूड, आणि ओंजळभर गव्हाचें भूस अथवा भाताचा कोंडा, असें प्रमाण आम्हांस चांगलें वाटतें. त्यांत थोडें ताजें शेण मिसळून आठवडाभर भिजत ठेवावें व रोज तुडवावें. पूड घालण्याचें कारण असें कीं, ती एकदां भाजून आंखडलेली असते, पुन्हां आंखडत नाहीं. मिश्रण जमलें कीं नाहीं हें पाहण्यासाठीं त्याची नऊ इंच लांब व बोटाएवढी जाड कांब करून सावलींत वाळवावी. वाळल्यावर ती पाव इंचाहून अधिक आंखडली किंवा तिला चिरा पडल्या तर आणखी वाळू व पूड घालावी. हातांत चुरूं लागली तर माती वाढवावी. ही कांबेची परीक्षा कोणी करीत नाहीं, आणि नंतर मातीला नांवें ठेवतात. बाजारांत फायर क्ले या नांवानें भट्टीची माती मिळते, तीही याच कामाची आहे. मात्र तीतही वाळू-पूड लागतेच. न्हाणीच्या फरश्यांत भरतात तें सिलिकोन चुलीजवळ कोणीही वापरूं नये, तें सहसा दोनशे अंशांच्या आसपास आपला गुण सोडूं लागतें.

भरण्याचें काम सोपें आहे, पण त्यांत घाई केली कीं बिघडतें. जुना माल व काजळी खरवडून दोन्ही टोकें ओल्या फडक्यानें पुसावीं. कोरडा नळ मातींतील पाणी एकदम शोषतो व माती त्यास धरत नाहीं, म्हणून नळ भिजवून घ्यावे. वरच्या नळाचें टोक मादींत बसविलें म्हणजे दोहोंमधील गोल फट सर्व बाजूंनीं सारखी आहे ना, हें पाचरा मारून पहावें. या फटींत आधीं न जळणाऱ्या दोरीचे एक-दोन वेढे खिळ्यानें ठोंसून बसवावे आणि मग वर माती भरावी. पूर्वीं यासाठीं ॲस्बेस्टॉसची दोरी वापरीत. ती आतां वापरूं नये. कांचतंतूची किंवा भट्टीसाठीं मिळणारी सिरॅमिक तंतूची दोरी घ्यावी. काथ्या किंवा तागाची दोरी पहिल्याच दिवशीं जळून जाते आणि मागें पोकळी राहते. दोरीचा उपयोग असा कीं ओली माती नळाच्या आंत ओघळत नाहीं. आंत ओघळलेली माती वाळली म्हणजे तेथें कड होते व काजळी प्रथम त्या कडेवर धरते. म्हणून प्रत्येक सांधा भरल्यावर दोरीला बांधलेला चिंध्यांचा बोळा नळांतून एकदां वर-खालीं ओढून आंतलें अंग साफ करावें. कसबी गवंडी हें न सांगतां करतो.

भरलेला सांधा तीन-चार दिवस सावलींत वाळूं द्यावा. मग पहिले आठ दिवस चूल लहान विस्तवावरच चालवावी. या काळांत बारीक चिरा पडतीलच. त्यांत त्याच मातीचा पातळ राब बोटानें चोळून भरावा. वाळण्यापूर्वींच घरांत कार्य निघालें व मोठा जाळ घातला तर आंतल्या पाण्याची वाफ होऊन माती ढपल्यांनीं सुटते.

सरकारी कार्यक्रमाच्या काळांतील पुष्कळ धुराडीं ॲस्बेस्टॉस सिमेंटच्या नळांचीं आहेत. तीं जागच्या जागीं असतांना फारशी भीति नाहीं, परंतु त्यांस करवत लावणें, कानस घांसणें किंवा कोरडें खरवडणें अत्यंत वाईट. त्यांतून उडणारे सूक्ष्म तंतु छातींत जाऊन बसतात व वर्षानुवर्षांनीं फुप्फुसाचा कर्करोग उद्भवूं शकतो. असा नळ साफ करणें झालें तर आधीं पाण्यानें ओला करावा, ओल्या चिंधीनें पुसावा, आणि फुटल्यावर नवा त्या जातीचा न आणतां मातीचा किंवा पत्र्याचा आणावा.

छपरांतून नळ जातो तेथें विचार बदलतो, कारण तेथें उष्णता कमी व पाऊस अधिक. माती तेथें टिकत नाहीं. चुना किंवा सिमेंट तेथेंच योग्य. पण मुळांत छपराच्या वर सांधा येऊंच नये, अशी नळाची मांडणी करावी. मादी वर करून लावलेला सांधा उघड्यावर असला कीं त्याच्या काठांत बाहेरचा पाऊस वाटींत सांचावा तसा सांचतो. शेवटचा नळ अखंड घेऊन तो छपराखालून थेट आढ्याच्या वर दोन फूट काढावा. आढ्याहून ठेंगणें धुराडें वारा उलटला म्हणजे खालीं धूर लोटतें. कौलारू घरांत नळाभोंवतीं पत्र्याची झालर अशी बसवावी कीं तिचा वरचा कांठ वरच्या ओळीच्या कौलांखालीं व खालचा कांठ खालच्या ओळीच्या कौलांवर येईल. कोंकणांतील पावसांत याखेरीज कोणताही उपाय टिकत नाहीं. गवत, पाचट, वासे आणि नळ यांत सर्व बाजूंनीं वीतभर तरी अंतर हवें, व त्या जागेंत पत्राच असावा. फट बुजविण्यासाठीं चिंध्या किंवा गोणपाट कोंबलेलें आम्हीं पाहिलें आहे, तें आगीला आमंत्रण आहे.

सांधे नीट असूनही धूर राहिला तर नजर भांड्यांकडे वळवावी. भांडें आणि चुलीची कड यांतील फट हाही एक सांधाच आहे, व बहुतेक घरांत तोच सर्वांत मोठा असतो. एकच भांडें शिजत असतां वैलाचें भोंक उघडें राहिलें तर धुराडें चुलींतला धूर सोडून त्या भोंकांतून घरची हवा ओढूं लागतें. यासाठीं भाजलेल्या मातीची किंवा बिडाची एक चकती करून ठेवावी. ती कुंभार आनंदानें करून देतो. तसेंच ओढ फार झाली, जळण भराभरा जातें, म्हणून मुद्दाम एखादा सांधा मोकळा ठेवणारे लोक आहेत. त्यांची तक्रार खरी असते, पण उपाय चुकीचा. थंड हवा नळांत शिरून काजळी वाढेल, एवढेंच त्यानें होईल. चुलीचें तोंड विटेच्या तुकड्यानें अर्धें लहान करावें, आंत जाणारी हवा तेथेंच आंवरावी.

न्हाणीघरांतील बंबाविषयीं दोन शब्द वेगळे सांगणें अवश्य आहे. त्याची वरची नळी राख काढतांना काढावी-घालावी लागते, म्हणून ती नुसती अडकविलेली असते आणि सांधा कधींच भरलेला नसतो. न्हाणी लहान, थंडीच्या दिवसांत दार-खिडकी बंद, आणि बंबांत निखारे; अशा वेळीं धूर डोळ्यांस झोंबत नाहीं म्हणून हवा चांगली आहे असें समजूं नये. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाहीं, वास नाहीं. प्रथम डोकें जड होतें, मळमळतें, मग शुद्ध जाते, आणि आंत स्नान करणारास दार उघडण्याचेंही भान राहत नाहीं. बंबाच्या नळीला प्रत्येक वेळीं ओल्या मातीचा पातळ वेढा द्यावा, तो हातानें सहज निघतो. नळी न्हाणीबाहेर काढावी. आणि शक्य तर बंबच बाहेरच्या पडवींत ठेवून आंत फक्त तापलेलें पाणी न्यावें.

धुराडें महिन्यांतून एकदां झाडावें लागतें, व झाडण्याची काठी सांध्यांस धक्के देते. म्हणून झाडणी झाली कीं उदबत्ती फिरवून पहावी. धुराड्याच्या तळाशीं काजळी काढण्याचें जें तोंड असतें त्याचें झांकण सिमेंटनें कधींही बसवूं नये, दर वेळीं फोडावें लागेल व मग कोणी झाडणारच नाहीं. साध्या मातीनें लिंपावें. मोठी दुरुस्ती करावयाची ती चैत्र-वैशाखांत करावी. त्या दिवसांत माती लवकर वाळते, गवंडी मोकळा असतो, छपरावर चढतां येतें, आणि मृगाच्या पावसापूर्वीं वरची झालर एक घागर पाणी ओतून तपासून घेण्यास वेळ राहतो.